जिभेचे चुचकार आणि देवाचे वचन
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरिता पाठ)

वाचन : शास्ते १२:१–६, मत्तय २६:६९–७५, प्रेषितांची कृत्ये २:१–११.

शास्ते ह्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात यार्देनेच्या उताराची एक भयंकर गोष्ट सांगितली आहे. गिलादी लोकांनी नदीचे उतार अडवून धरले होते. पळून आलेला कोणी एफ्राइमी पलीकडे जाऊ मागे, तेव्हा ते त्यास एकच शब्द उच्चारावयास लावीत. त्या शब्दातील ‘श’ ज्याला साधत नसे त्याच्या तोंडून ‘स’ निघे, आणि तो तेथेच मारला जाई. ह्या रीतीने ४२,००० माणसे पडली. ती माणसे परकी नव्हती; मारणारे व मरणारे एकाच बापाची लेकरे होती. दोहोंत अंतर काय ते एका अक्षराचे.

ह्याच्या अगदी उलट गोष्ट प्रेषितांची कृत्ये ह्याच्या २ ऱ्या अध्यायात आहे. तेथे कोणाच्याही जिभेची परीक्षा घेण्यात आली नाही. देशोदेशीचे लोक जमले होते, त्यांत आफ्रिकेतील मिसर देशाचे व कुरेनेकडचेही होते. आणि ज्याने त्याने आपल्याच जन्मबोलीत देवाची कृत्ये ऐकली. शिवाय उठून बोलला कोण? पेत्र. थोड्याच आठवड्यांपूर्वी महायाजकाच्या वाड्यात ज्याचे गालीली बोलणे ऐकून लोकांनी त्यास ओळखले होते, तोच तो. ज्या बोलीमुळे त्याची फजिती झाली तीच बोली घेऊन प्रभूने त्यास सुवार्ता सांगावयास उभे केले.

ह्या दोन अध्यायांच्या मध्ये आपण सर्व उभे आहो. बोलीवरून माणसाला खाली पाडावयाचे, की बोलीतून माणसापर्यंत पोहोचावयाचे, हा प्रश्न सर्व काळी सर्व देशांत मंडळीपुढे आलेला आहे. तो नीट समजावा म्हणून आम्ही आज दूर आफ्रिकेतील एका लहान समाजाच्या भाषेची हकीकत सांगणार आहो.

देश व लोक

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागी, पश्चिम समुद्राच्या काठाने, नामिबिया नावाचा देश आहे. तेथे पाऊस फार थोडा. किनाऱ्याला लागून वाळवंट आणि आत कोरडे माळ. हा देश १९९० साली स्वतंत्र झाला. त्याच्या दक्षिण भागात व ऑरेंज नदीच्या दोन्ही तीरांस नामा नावाचे लोक पूर्वापार मेंढरे व गुरे पाळून राहत आले आहेत. त्यांच्या भाषेस खोएखोएगोवाब म्हणतात. ‘खोए’ म्हणजे माणूस व ‘गोवाब’ म्हणजे भाषा. नामांचे शेजारी दमारा लोक वंशाने निराळे, परंतु तेही हीच भाषा बोलतात. हे सर्व मिळून भाषा बोलणारे सुमारे दोन लाख आहेत. आपल्याकडील एखाद्या तालुक्याची वस्ती असते तेवढे.

ह्या भाषेचे व्याकरण मोठे नीटनेटके आहे. नामाच्या शेवटी ‘ब’ आला म्हणजे पुल्लिंग व ‘स’ आला म्हणजे स्त्रीलिंग: ‘खोएब’ म्हणजे पुरुष आणि ‘खोएस’ म्हणजे बाई. शब्द उंच स्वराने म्हणावयाचा की खालच्या स्वराने, ह्यावरूनही अर्थ बदलतो. परंतु परक्या माणसाचे लक्ष वेधते ते ह्यांतल्या कशाकडेही नाही. ते वेधते तिच्यातील चुचकारांकडे.

चुचकार म्हणजे काय

इंग्रजी ग्रंथकार ह्या ध्वनींस ‘क्लिक’ म्हणतात. आपण त्यांस चुचकार म्हणू, कारण आपण घोड्यास किंवा वासरास चुचकारतो तेव्हा हेच ध्वनी काढीत असतो. वाचकांनी पुढील चार ध्वनी स्वतः करून पाहावे.

पहिला ध्वनी दातांचा. कोणाची दुःखाची बातमी ऐकून आपण हळहळतो व जिभेचे टोक वरच्या दातांस लावून ‘च्च्, च्च्’ असे चुकचुकतो, तो हा. पालीच्या आवाजासही आपण चुकचुकणेच म्हणतो.

दुसरा गालाचा. टांगेवाला किंवा गाडीवान जनावरास हाकताना जिभेची एक कड दाढांपासून सोडवून आवाज काढतो, तो हा.

तिसरा टाळूच्या पुढच्या भागाचा. मुले घोड्याच्या टापांची नक्कल करताना जिभेचे टोक वर चिकटवून एकदम खाली आपटतात आणि ‘टॉक्’ असा पोकळ नाद निघतो, तो हा.

चौथा सपाट जिभेचा. जीभ पसरून टाळूस चिकटवावी व झटकन सोडवावी, म्हणजे वाळलेली काटकी मोडावी तसा बारीक, तीक्ष्ण ध्वनी उमटतो.

हे ध्वनी उत्पन्न कसे होतात? आपले ‘क’, ‘त’, ‘प’ हे वर्ण छातीतून बाहेर येणाऱ्या श्वासावर चालतात. चुचकाराची रीत वेगळी. जीभ मागे व पुढे अशी दोन ठिकाणी टाळूस चिकटते. मध्ये थोडी हवा कोंडली जाते. मग जिभेचा मधला भाग खाली ओढला जातो, आतली हवा विरळ होते, आणि पुढची बाजू सुटताच बाहेरची हवा वेगाने आत शिरून आवाज होतो. पिचकारीचा दट्ट्या ओढला असता पाणी आत येते, तसाच हा प्रकार. छातीतील श्वासाची ह्यास गरज लागत नाही. म्हणून नाकाने ‘म्‌म्‌’ असा सूर धरून एकीकडे चुकचुकता येते. वाचकांनी करून पाहिल्यास प्रत्यय येईल.

ह्याच कारणाने प्रत्येक चुचकाराबरोबर कंठाचा व नाकाचा निरनिराळा व्यापार जोडता येतो. खोएखोएगोवाब भाषेत एकेका चुचकाराचे पाच प्रकार आहेत, म्हणजे चार पंचे वीस व्यंजने केवळ चुचकारांची झाली. आपण ह्या ध्वनींनी जनावर हाकतो किंवा हळहळ दाखवितो. त्यांचे आपण शब्द बनवीत नाही. नामा लोक त्यांचे शब्द बनवितात. दोहोंत फरक एवढाच.

जुन्या मिशनऱ्यांनी ह्या ध्वनींकरिता चिन्हे ठरविली. दातांच्या चुचकारास एक उभी रेघ, आपल्या पोथ्यांतील दंडासारखी. गालाच्या चुचकारास तशाच दोन रेघा. तिसऱ्यास उद्गारचिन्ह, आणि चौथ्यास उभ्या रेघेवर दोन आडव्या रेघा. आता नामा मूल अंक कसे मोजते ते पाहा: ‘।गुई, ।गाम, !नोना’ म्हणजे एक, दोन, तीन. (येथे ‘ग’ हे अक्षर चुचकाराची जात दाखविण्यापुरते आहे, त्याचा वेगळा उच्चार होत नाही.) चार व पाच ह्यांस ‘हाका’ व ‘कोरो’ म्हणतात, त्यांत चुचकार नाही; पण ज्यास चुचकार येत नाही तो एकापासूनच अडला. तसेच ‘।गाम’ म्हणजे दोन, परंतु पाणी ह्या शब्दाचे मूळ ‘॥गाम’ असे आहे. दाताचा चुचकार गालाकडे गेला की दोनाचे पाणी होते. ह्यावरून हे ध्वनी केवळ अलंकार नव्हेत, भाषेचा कणाच होत, हे ध्यानात येईल.

हेटाळणी व पहिला यत्न

१६५२ साली डच लोकांनी केप येथे वसाहत केली. ह्या भाषेच्या नात्यातील बोली बोलणारे लोक तेव्हा त्या सर्व मुलखात राहत होते. त्यांचे बोलणे ऐकून युरोपियन प्रवाशांनी लिहून ठेवले की, हे माणसाचे बोलणे नव्हे, हा पक्ष्यांचा कलकलाट होय. त्यांनी ह्या लोकांस ‘हॉटेन्टॉट’ असे नाव दिले; आज ते नाव शिवीसमान मानले जाते व कोणी सभ्य मनुष्य वापरीत नाही.

१७३७ साली मोरावियन मंडळीचा गेओर्ग श्मिट हा तरुण मिशनरी केपच्या मुलखात आला. तो नम्र व कष्टाळू होता. त्याने भाषा शिकण्याचा यत्न केला, परंतु चुचकार त्याच्या जिभेस वळेनात. तेव्हा त्याने लोकांसच डच भाषा शिकविली. १७४२ साली त्याने पाच जणांस बाप्तिस्मा दिला. केपच्या पाळकांनी त्याच्या अधिकाराविषयी हरकत घेतली, आणि १७४४ साली तो युरोपास परत गेला.

त्या पाचांत वेहेट्गे तिकुई नावाची एक स्त्री होती. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव माग्दालेना ठेवण्यात आले. पाळक गेला, मंडळी पांगली. परंतु तिने श्मिटने दिलेला डच नवा करार सोडला नाही. १७९२ साली, म्हणजे ४८ वर्षांनी, तीन मोरावियन मिशनरी त्या खोऱ्यात पुन्हा आले, तेव्हा ती वृद्ध झाली होती आणि ते पुस्तक तिने जिवापाड जपून ठेवले होते. त्या ठिकाणी पुढे गेनाडेंडाल ही मंडळी वाढली. माग्दालेनेच्या निष्ठेपुढे आमचे मस्तक नम्र होते. तथापि ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिने देवाचे वचन परक्याच्या भाषेत वाचले. तिच्या आईच्या भाषेत ते कोणी लिहिले नाही. आज त्या खोऱ्यातील लोक आफ्रिकान्स बोलतात. त्यांच्या पूर्वजांची बोली तेथून नाहीशी झाली.

झारा

आता उत्तरेकडे नामा लोकांच्या मुलखात येऊ. योहान हाइनरिख श्मेलेन नावाच्या जर्मन मनुष्यास लंडन मिशनरी सोसायटीने आफ्रिकेत पाठविले होते. १८१४ साली त्याने बेथानी येथे ठाणे घातले. त्यानेही भाषा शिकावयास घेतली व त्यासही तिचे उच्चार फार कठीण गेले. परंतु त्याने झारा नावाच्या नामा स्त्रीशी विवाह केला होता. त्या काळच्या गोऱ्या लोकांस हा विवाह मुळीच मानवला नाही. पुढे त्या घरात जे काम झाले त्यावरून देवाने त्याचा कसा उपयोग केला हे दिसते.

नवराबायकोने मिळून चार शुभवर्तमानांचे नामा भाषेत भाषांतर केले. श्मेलेनने अर्थ सांगावा, झाराने तो आपल्या लोकांच्या शब्दांत बसवावा. त्याने अक्षर लिहावे, तिने उच्चार तपासावा. जो ध्वनी पतीच्या जिभेवर येत नव्हता तो पत्नीच्या कानात जन्मापासून होता. ती शुभवर्तमाने छापून घेण्यासाठी दोघे केप टाऊनास गेली. १८३१ साली छपाई पुरी झाली. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर, घर गाठण्यापूर्वीच, झारा क्षयाने मरण पावली.

पुष्कळ काळपर्यंत तिचे नाव थोड्यांसच ठाऊक होते. आपल्या मराठी मंडळीस ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले; १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या व १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. रमाबाई विद्वान म्हणून जगभर प्रसिद्ध होत्या. झारा मेंढपाळांची लेक होती. परंतु दोघींनी आपले आयुष्य एकाच कामी वेचले.

पुढे ऱ्हेनिश मिशनचे लोक त्या देशात आले. त्यांच्यापैकी योहान गेओर्ग क्रोएनलाइन ह्याने तयार केलेला नवा करार १८६६ साली छापला गेला, आणि त्याचा मोठा शब्दसंग्रह १८८९ साली निघाला. संपूर्ण पवित्र शास्त्र नामा भाषेत १९६६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘प्रभू’ ह्या अर्थी ‘!खूब’ हा शब्द आहे. ज्या ध्वनीस परके लोक पक्ष्यांचा कलकलाट म्हणाले, त्याच ध्वनीने नामा ख्रिस्ती प्रभूचे नाव घेऊ लागले.

बोलणाऱ्यांवरील संकट

भाषा पुस्तकात राहते, पण जगते ती माणसांत. आणि ही माणसे मोठ्या संकटातून गेली. १९०४ ते १९०८ ह्या वर्षांत तेथे जर्मन राज्य होते. त्या राज्याविरुद्ध हेरेरो व नामा लोक उठले. नामांचा पुढारी हेंड्रिक विटबोई हा लिहिणारावाचणारा ख्रिस्ती मनुष्य होता. तो १९०५ साली लढाईत पडला. लढाई, उपासमार व छावण्यांतील बंदिवास ह्यांत अदमासे दहा हजार नामा, म्हणजे जवळजवळ निम्मा समाज, मरण पावला. ते करणारे राज्य ख्रिस्ती म्हणविणारे होते, ही गोष्ट आपण लपवू नये. २०२१ साली जर्मन सरकारने तो वंशसंहार होता असे कबूल केले.

तरीही भाषा टिकली. तेथील शाळांतून ती शिकविली जाते, आकाशवाणीवर ऐकू येते, उपासनेत गाइली जाते. २००२ साली तिचा मोठा कोश निघाला. केवळ शास्त्राच्या भाषांतरामुळे ती वाचली असे आम्ही म्हणत नाही. आईबापांनी ती घरात बोलावयाचे सोडले नाही, हे मूळ कारण. परंतु तिला अक्षरे होती, पुस्तक होते, आणि देवाच्या घरात मान होता, ह्याचाही आधार झालाच.

असा आधार ज्यांस लाभला नाही त्यांची गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेत न।ऊ नावाची एक प्राचीन भाषा आहे. तिच्यात नामांचे चारही चुचकार आहेतच, शिवाय पाचवा ओठांचा आहे, मुका घ्यावा तसा. १९३३ साली जन्मलेल्या कात्रिना एसाऊ ह्या बाईंनी सांगितले आहे की, त्यांच्या लहानपणी शेताचा गोरा मालक ही भाषा कुरूप आहे म्हणून ती बोलू देत नसे. मुले लाजू लागली, मग गप्प झाली. बरोबरीचे वृद्ध एकामागून एक वारले, आणि ती भाषा अस्खलित बोलणाऱ्या त्या अखेरच्या मानल्या गेल्या. उतारवयात त्यांनी अपिंग्टन येथे आपल्या घरी लेकरांना ती भाषा शिकविण्यास आरंभ केला. २०१४ साली त्यांच्या देशाने त्यांचा गौरव केला, आणि २०२१ साली नातीच्या साहाय्याने त्यांची कासव व शहामृग ह्यांची गोष्ट पुस्तकरूपाने निघाली. त्याच देशाच्या राजचिन्हावर २००० सालापासून ।खाम नावाच्या भाषेतील एक बोधवाक्य कोरलेले आहे; त्यातही चुचकार आहेत. परंतु ते आपल्या आईची भाषा म्हणून वाचणारा आज कोणी उरलेला नाही. लोक जिवंत होते तेव्हा त्यांच्या बोलीची थट्टा झाली. बोली मेल्यावर तिला मान मिळाला.

आपला यार्देन

बंधुभगिनींनो, ही दूरची गोष्ट आम्ही कशासाठी सांगितली? यार्देनेचा उतार आपल्या गावातही आहे. आपल्याकडे ‘श’ व ‘स’ ह्यांच्या जागी ‘ण’ व ‘न’ आहेत. कोणी ‘पानी’ म्हटले, कोणी ‘लोनी’ म्हटले, की ऐकणारा त्याचे गाव, कूळ व शिक्षण मनातल्या मनात मोजतो आणि हसतो. आपल्या पुष्कळ वाडवडिलांनी शाळेच्या दाराशी हे हसणे सोसले आहे.

एका खेड्यातील मंडळीत आम्ही उपासनेस गेलो होतो. पावसाने ओढ दिली होती. एक वृद्ध बाई प्रार्थनेस उभी राहिली आणि देवापाशी लेकरांसाठी, गुरांसाठी ‘पानी’ मागू लागली. मागे बसलेले शिकलेले तरुण एकमेकांकडे पाहून हसले. तिने ते ऐकले, प्रार्थना तशीच आवरती घेतली व ती खाली बसली. पुढे वर्षभराने आम्ही त्याच मंडळीत गेलो, तेव्हा पाळकांनी सांगितले की त्या दिवसापासून ती बाई पुन्हा प्रार्थनेस उभी राहिली नाही. त्या दिवशी आम्हीही तेथे बसलो होतो, आणि आम्हीही त्या तरुणांस काही बोललो नाही. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

शुद्ध मराठी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. मुलांस ‘ण’ व ‘न’ ह्यांचा भेद शाळेत अवश्य शिकवावा. तो त्यांच्या उपयोगाचा आहे. परंतु शाळेची फूटपट्टी प्रार्थनेस लावू नये. उपदेशकाने शास्त्रपाठ ग्रंथाच्या भाषेत वाचावा, मग त्याचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या बोलीत सांगावा, आणि त्यांची बोली ठाऊक नसेल तर ती त्यांच्यापाशी बसून शिकावी. श्मेलेनने हेच केले. ज्या जिभेस काही केल्या चुचकार साधेना त्या जिभेचा मनुष्य शिष्य होऊन आपल्या पत्नीपुढे बसला, म्हणून नामा लोकांस शुभवर्तमान मिळाले.

ज्या देवाने जीभ घडविली त्यास कोणताही ध्वनी परका नाही. आपण ज्या चुकचुकण्याने केवळ हळहळ दाखवितो, त्याच ध्वनीचे शब्द करून एक समाज त्याची स्तुती करतो. तर मग आपल्याच अंगणातील आजीचा ‘न’ त्याच्या कानास खटकेल काय?

वर्गात चर्चेकरिता प्रश्न

१. यार्देनेचा उतार व पन्नासाव्या दिवसाचा मेळा ह्या दोन ठिकाणी भाषेचा उपयोग कसकसा झाला?
२. पेत्राची बोली मत्तय २६ मध्ये व प्रेषित २ मध्ये कोणत्या कामी आली?
३. माग्दालेना व झारा ह्या दोघींच्या सेवेत साम्य कोणते व भेद कोणता?
४. आपल्या मंडळीत बोलण्याच्या लाजेने कोण गप्प बसतात? येत्या प्रभुवारी त्यांच्यापैकी एकास प्रार्थना चालविण्याची विनंती कोण करील?